ओरॅकलचा भाव हलला तरी काँट्रॅक्ट ढिम्म

रात्रपाळी: एआयकडून काँट्रॅक्टचा, म्हणजे ब्लॉकचेनवर चालणाऱ्या प्रोग्रामचा, सॉलिडिटी भाषेतला कोड लिहून घेतला. चेनलिंक या ओरॅकलच्या (बाहेरचे भाव ब्लॉकचेनवर आणणारी सेवा) इथर-डॉलर भावाच्या फीडचा ‘आन्सर अपडेटेड’ इव्हेंट (भाव बदलल्याची नोंद) आला की माझं फंक्शन चालावं, एवढंच हवं होतं. कंपाइल झालं, टेस्टनेटवर (चाचणीच्या ब्लॉकचेनवर) चढवलं. दोन दिवस झाले, एकदाही चाललं नाही. काय चुकतंय?

खटपट्या: काँट्रॅक्टला इव्हेंट ऐकूच येत नाहीत हो! लॉग, म्हणजे इव्हेंटच्या नोंदी, वाचणार ते चेनबाहेरचे प्रोग्राम. कुणीतरी व्यवहार पाठवून त्याला उठवावं लागतं, म्हणजे तुमचा बॉट किंवा एखादी ऑटोमेशन सेवा.

जुना गडी: उठल्यावर भाव कधीचा आहे तेही तपासा, ‘अपडेटेड अ‍ॅट’ ही वेळ बघून. शिळ्या भावावर आम्ही एकदा सपाटून आपटलोय. शिवाय या फीडच्या भावाला ८ दशांश स्थळं असतात, एआय बिनधास्त १८ धरतं.

रात्रपाळी: अरे देवा, १८च आहेत. बॉट लिहायला घेतो.