टाइमशेअरचं वार्षिक शुल्क दुकानाच्या खर्चात दाखवता येईल का?

रंगवाला_सांगली
मंडळी, माझं सांगलीत रंग-हार्डवेअरचं दुकान आहे, प्रोप्रायटरशिप. २५ वर्षांची हॉलिडे मेंबरशिप (टाइमशेअर) घेतलेली आहे, म्हणजे दरवर्षी रिसॉर्टमध्ये एक आठवडा राहायचा हक्क; कंपनीचं नाव राहू द्या. दरवर्षी २०,००० शुल्क, वर १८ टक्के जीएसटी, असे २३,६०० जातात. खोली घ्या अगर नका घेऊ. पैसे दुकानाच्या करंट अकाउंटमधून जातात, बिलावर दुकानाचा जीएसटी नंबर आहे. मेव्हणा म्हणतो, खर्चात टाक आणि क्रेडिटही घे, म्हणजे भरलेला जीएसटी दुकानाच्या जीएसटीतून वळता कर. आमचे हिशेबनीस नुसती मान हलवतात, हो की नाही ते कळत नाही. हप्त्यांवर व्याजही भरलंय, ते घरकर्जासारखं वजा होतं का? आणि यंदा आम्हाला जमणार नाही म्हणून आठवडा ओळखीच्या एकांना १५,००० ला द्यायचा विचार आहे. त्याचं काय?

खतावणी
दादा, मेव्हण्याला रंगाचे डबे मोजायला बसवा. पैसे करंट अकाउंटमधून गेले म्हणून खर्च धंद्याचा होत नसतो. बायकामुलांना घेऊन महाबळेश्वरला गेलात की ते ड्रॉइंग्ज, म्हणजे मालकाने स्वतःसाठी काढलेले पैसे, कॅपिटल खात्याला नावे टाकायचं.

क्रेडिटचं तर सीजीएसटी कायद्याच्या कलम १७(५) मध्येच आहे: क्लबची मेंबरशिप आणि स्वतःच्या वापरासाठीची सेवा, दोन्हींचं क्रेडिट अडवलेलं. गंमत अशी की बिलावर नंबर असल्याने रक्कम २बी मध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या क्रेडिटच्या तक्त्यात दिसणार, आणि दिसली की हात शिवशिवतात. ३बी विवरणपत्राच्या ४(ब) रकान्यात ती उलटवून मोकळे व्हा.

व्याजाची वजावट घर मालकीचं असेल तर. तुमच्याकडे राहण्याचा हक्क आहे, घर नाही. बचत-गुंतवणुकीच्या वजावटीतही बसत नाही.

१५,००० आले तर ते 'इतर स्रोतां'मध्ये दाखवा. त्याच आठवड्याचं शुल्क समोर वजा मागता येईल, पण मी १५,००० च्या वर जात नाही. तोटा काढून दुकानाच्या नफ्यात घुसवायला गेलात तर नोटिशीला उत्तर तुम्हीच लिहा. त्याआधी करारनामा वाचा, काही कंपन्या भाड्याने द्यायला मनाई करतात.

एडिसनकर
इकडे अमेरिकेत थोडं निराळं आहे. आमच्या ओरलँडोच्या आठवड्याचं रीतसर खरेदीखत आहे. त्यामुळे बिलात प्रॉपर्टी टॅक्स वेगळा दाखवला असेल तर तेवढा वजा मागता येतो. मेंटेनन्स फी एक डॉलरही नाही. तेही स्टँडर्ड डिडक्शन (सरसकट ठरावीक वजावट) सोडून खर्च एकेक करून दाखवणाऱ्यांनाच. विकताना नुकसान झालं तर स्वतः वापरलेल्या आठवड्याचा तोटा मिळत नाही. विकत घेतला होता त्याच्या निम्म्यालाही कोणी विचारत नाही, हे वेगळं सांगायला नको.

रंगवाला_सांगली
खतावणी साहेब, आभार. मेव्हण्याला हे वाचून दाखवलं, तो चहा न घेता गेला. एकच राहिलं: आमच्याकडून वर्षभर माल उचलणाऱ्या पेंटिंग ठेकेदाराला तो आठवडा बक्षीस दिला तर?

खतावणी
हा प्रश्न आधी विचारायचा! तेव्हा तो विक्रीवाढीचा खर्च म्हणून मांडता येतो. मात्र स्कीमचा कागद हवा: किती खरेदीवर, कुणाला, कधी. आदल्या वर्षीची उलाढाल १ कोटीच्या वर असेल आणि त्या ठेकेदाराला वर्षभरात दिलेल्या भेटी २०,००० च्या पुढे गेल्या, तर १० टक्के टीडीएस भरावा लागतो, जुलै २०२२ पासून. क्रेडिटच्या वाटेला तरीही जाऊ नका. आणि बिल ठेकेदाराच्या मुक्कामाचं असू द्या, तुमच्या सासूबाईंच्या नाही.