आधी पॅच बघा, मग माप

नळीच्या तोंडातून दारू-गोळी भरायच्या जुन्या पद्धतीच्या पिस्तुलाच्या गोळ्या २५ मीटरवर विखुरतात, अशी एकाची तक्रार आहे, आणि त्यावर दारूचं माप बदलायचा सल्ला आलाय. माझं मत उलट आहे. आधी समोर पडलेला, उडालेला कापडी पॅच (गोळीभोवती गुंडाळायचा वंगण लावलेला तुकडा) उचलून बघा (रेंज थंड झाल्यावरच, अर्थात). मधे काळसर ठसा, कडा विसविशीत पण कापड अखंड, तर ठीक. मधेच जळून भोक पडलं असेल तर कापड पातळ आहे किंवा वंगण कमी. नळीच्या आतल्या आट्यांच्या (पीळदार खाचांच्या) रेषेत चिरलं असेल तर नळीच्या तोंडाची धार तपासा.

गोळी आत ढकलायचा गज दर वेळी सारख्याच जोराने दाबा. गजावर एक खूण केली की गोळी दारूवर नीट बसली की नाही ते लगेच कळतं, आणि मधे फट राहणं धोक्याचंही आहे. प्रत्येक बार उडवल्यावर नळीतून ओलसर चिंधी फिरवा.

चकमकीच्या पिस्तुलात चाप ओढल्यावरही बार उडायला क्षणभर लागतो. तेवढ्यात मनगट सैलावतं. धूर दिसल्यावरही माशीवरची (नळीच्या टोकावरच्या नेमखुणेवरची) नजर हलवू नका. एमएलएआयसीच्या (अशा तोंडातून भरायच्या बंदुकांच्या नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संघटना) सामन्यात ३० मिनिटांत १३ बार मिळतात, त्यातले सर्वोत्तम १० धरतात. घाई कशाला?