घरात बिडी ओढल्याने तान्ह्या बाळाचा कान वाहू शकतो का?

खानापूरची सून
आमचे घर खानापूर तालुक्यात, जुन्या बांधणीचे, पुढे सोपा आणि आत माजघर असे आहे. माझा मुलगा आठ महिन्यांचा आहे. पावसाळा लागल्यापासून त्याची छाती सारखी भरते आणि आता डावा कानही वाहू लागला आहे. मामंजी सोप्यात खिडकीपाशी बसून बिडी ओढतात. बाळ मांडीवर असताना ते कधीही बिडी पेटवत नाहीत, हे मान्य करायलाच हवे. परंतु आमच्याकडे आषाढात झड अशी लागते की दारे-खिडक्या दिवसदिवस उघडता येत नाहीत आणि वास थेट पाळण्यापर्यंत येतो. सासूबाईंचे म्हणणे असे की चुलीच्या धुरात चार पोरे वाढली, बिडीने काय व्हायचे आहे! मला घरात वाद नको. या धुराचा कानाशी खरोखर संबंध असतो का आणि खिडकीशी बसणे किंवा पंखा लावणे पुरेसे ठरते का, एवढेच विचारायचे आहे.

निवृत्त आरोग्य सहायक, चिकोडी
ताई, संबंध आहे आणि तो चांगला सिद्ध झालेला आहे. नाकाच्या मागच्या बाजूपासून कानाच्या पडद्यामागे एक बारीक नळी जाते. धुराने तिच्या आतल्या अस्तराला सूज आली की कानातील पाण्याचा निचरा होत नाही, ते साचते, त्यात जंतू वाढतात आणि पुढे पडदा फुटून कान वाहतो. तान्ह्या मुलात ही नळी आखूड आणि आडवी असल्यामुळे त्रास लवकर होतो. छातीचेही तसेच आहे: बाळाच्या श्वासनलिका अरुंद असतात आणि वजनाच्या मानाने ते मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेते. त्यामुळे अशा घरांत ब्राँकायटिस, न्यूमोनिया आणि दम्याचे प्रमाण जास्त आढळते. झोपेतच अचानक बाळ दगावण्याचा धोकाही अशा घरांत वाढतो. कान वाहण्याला इतर कारणेही असतात, म्हणून धुरावर सगळे ढकलून घरी बसू नका. कानात तेल घालू नका, डॉक्टरांना दाखवा आणि घरात बिडी ओढली जाते हे त्यांना आवर्जून सांगा. बाळाच्या वयात मिनिटाला ५० किंवा अधिक श्वास होत असतील, बरगड्यांखाली छाती आत ओढली जात असेल किंवा ते अंगावर पिणे सोडत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

खिडकी आणि पंख्याचे उत्तर मात्र ‘नाही’ असेच आहे. या धुराचे कण इतके सूक्ष्म असतात की ते तासन्‌तास हवेत तरंगत राहतात, आणि वास गेला म्हणजे धूर गेला असे होत नाही; पंखा तर सोप्यातला धूर माजघरात नेऊन सोडतो. अमेरिकेच्या सर्जन जनरलांच्या २००६ च्या अहवालात हेच स्पष्ट म्हटले आहे की अशा धुराचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही, आणि वेगळी खोली किंवा खेळती हवा यांनी तो पुरता टळत नाही.

निपाणीकर
आमच्या घराचे वासे तंबाखूच्या पैशावर उभे राहिले, म्हणून ‘बिडी म्हणजे नुसते पान, सिगारेटीसारखा कागद नाही’ हे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. त्यात तथ्य नाही. तेंदूच्या पानातून हवा नीट खेळत नसल्यामुळे बिडी विझू नये म्हणून वरचेवर झुरके घ्यावे लागतात, आणि आकाराने लहान असूनही तिच्यातून टार व कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी मिळत नाही. घरातल्या बायकांना काय होते, तेही पाहा. जपानमध्ये हिरायामा यांनी स्वतः धूम्रपान न करणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांची चौदा वर्षे नोंद ठेवली. नवरा जितका जास्त ओढणारा, तितका बायकोला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका जास्त, असे १९८१ मध्ये त्यांनी दाखवले. तुमच्या सासूबाई आयुष्यभर त्याच सोप्यात बसत आल्या आहेत. हे त्यांना जरूर सांगा, कारण नातवापेक्षा स्वतःच्या छातीचे बोलले की आमच्याकडच्या बायका लवकर ऐकतात, निदान माझ्या आईने ऐकले.

शहापूर, बेळगाव
चुलीच्या मुद्द्यावर एक शब्द. चुलीचा धूरही वाईटच, आणि तो असताना बिडीचा धूर त्यात भर घालतो. एकामुळे दुसरा माफ होत नाही. शिवाय बिडीवर बोलणाऱ्या आपण बायका तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजून मिश्री करतो, तेव्हा सगळे घर खोकत असते, याकडे कोणी पाहत नाही. तुमच्या घरी हा प्रकार असेल तर तोही थांबवा. गरोदरपणी मिश्री लावल्याने बाळ कमी वजनाचे किंवा अपुऱ्या दिवसांचे होण्याची भीती असते, ते निराळेच.

खानापूरची सून
सर्वांचे आभार. मिश्री आहे, खोटे कशाला बोलू. पण मामंजींना भर पावसात बाहेर जा असे सून म्हणून मी कसे सांगणार?

निवृत्त आरोग्य सहायक, चिकोडी
तुम्ही सांगू नका. बाळाला डॉक्टरांकडे नेताना मामंजींनाच सोबत न्या आणि त्यांच्यासमोर प्रश्न विचारा. सार्वजनिक जागी धूम्रपानाला २००३ च्या कायद्याने बंदी आहे, परंतु तो कायदा घराच्या उंबऱ्याच्या आत येत नाही, त्यामुळे येथे समजुतीनेच काम करावे लागते. ओढायचीच असेल तर परड्यातल्या गोठ्याच्या छपराखाली, घराचे दार लावून. नंतर चूळ भरून, हात धुऊन आणि अंगातला सदरा बदलून मगच बाळाला घ्यावे, कारण कपड्यांवर आणि गोधडीवर निकोटिन चिकटून राहते. बाहेर ओढणाऱ्यांच्या घरातील मुलांच्या लघवीतही त्याचा अंश सापडतो, आत ओढणाऱ्यांच्या घरांपेक्षा कमी, एवढाच फरक. बिडी सोडण्याऐवजी तंबाखू मळून खाण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच मानू नये. त्यांची सोडायची तयारी दिसली, तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर समुपदेशन विनामूल्य मिळते. पहिला फोन तुमच्या यजमानांनी लावून द्यावा.