'रनवे इन्कर्जन'ला मराठीत काय लिहायचं?

प्रश्न

नमस्कार मंडळी, आमच्या भागातल्या छोट्या विमानतळावर फ्लाइंग स्कूल आहे. तिथले जीप ड्रायव्हर, गवत कापणारे, वॉचमन यांच्यासाठी सुरक्षेच्या सूचना मराठीत लिहून द्यायच्यात. रनवेला धावपट्टी ठीक आहे, पण होल्ड शॉर्ट, टॅक्सीवे (विमानांचा धावपट्टीकडे जायचा-यायचा रस्ता) आणि मुख्य म्हणजे रनवे इन्कर्जन याला काय लिहू? आधीच्या मसुद्यात 'धावपट्टी अतिक्रमण' आहे, ते काही पटत नाही.

प्रतिसाद

अतिक्रमण नकोच, आणि घुसखोरी तर अजिबात नको. दोन्हींत मुद्दाम केल्याचा वास येतो आणि गवत कापणारा माणूस वाचून म्हणेल, मी कुठे घुसखोरी करतो, हे माझ्यासाठी नाहीच. आंतरराष्ट्रीय व्याख्येत हेतूचा संबंधच नाही, विमान, वाहन किंवा माणूस धावपट्टीच्या राखीव भागात चुकीच्या वेळी असला की झालं इन्कर्जन, मग टक्कर होवो न होवो. मला 'शिरकाव' बरोबर वाटतो. पाण्याचा शिरकाव म्हणतो, कोरोनाचा शिरकाव म्हणत होतो, त्यात हेतू लागत नाही. फेब्रुवारी 2020 मध्ये पुण्याला दिल्लीचं विमान टेकऑफच्या वेगात असताना पायलटला समोर जीप आणि माणूस दिसला, त्याने विमान वेळेआधीच उचललं, शेपूट धावपट्टीला घासलं, तरी विमान दिल्लीला सुखरूप पोचलं. हाच तो शिरकाव, तुमच्या जीपवाल्यांना हेच उदाहरण सांगा.

प्रतिसाद

शिरकावला माझंही मत. फक्त पेपरातल्या 'विमान धावपट्टीवरून घसरलं'शी गल्लत नको, ते एक्स्कर्जन, म्हणजे विमान धावपट्टी सोडून बाहेर गेलं. आणि व्याख्येत प्राणी येत नाहीत, कुत्रं धावपट्टीवर आलं तर धोका तेवढाच पण नोंद वेगळी होते.

प्रतिसाद

होल्ड शॉर्टसाठी आपल्याकडे 'अलीकडे' हा इतका नेमका शब्द असताना दुसरं शोधायचं कशाला, 'धावपट्टीच्या अलीकडे थांबा'. नुसतं 'थांबा' लिहू नका कारण प्रश्न कुठे थांबायचं हाच असतो. जमिनीवर चार पिवळ्या रेघा असतात, दोन सलग, दोन तुटक. सलग रेघा आपल्या बाजूला असल्या की परवानगीशिवाय पुढे जायचं नाही. तुटक आपल्या बाजूला असल्या तर आपण धावपट्टीकडून येतोय, मग रेघेवर रेंगाळायचं नाही, गाडीचं मागचं टोकसुद्धा पलीकडे गेलं की मगच धावपट्टी मोकळी झाली असं धरतात. शक्य असेल तर चित्रच छापा, आणि बाण काढून 'अलीकडे', 'पलीकडे' लिहा.

अजून एक, 'लाइन अप अँड वेट'चं भाषांतर मी एका ठिकाणी 'रांगेत थांबा' असं वाचलं आणि पोटात गोळा आला. तिथे रांग नाही, विमानाने धावपट्टीवर जायचं, मधल्या रेघेवर सरळ लागायचं आणि टेकऑफच्या परवानगीची वाट बघायची. म्हणजे 'अलीकडे थांबा'च्या बरोबर उलट जागा! अमेरिकेत याच सूचनेला आधी 'पोझिशन अँड होल्ड' म्हणायचे, 30 सप्टेंबर 2010 पासून बाकी जगासारखंच 'लाइन अप अँड वेट' केलं. एका शब्दावरून किती बिघडतं हे टेनेरिफ या स्पॅनिश बेटावर 1977 मध्ये दिसलं, दोन जंबो विमानं एकाच धावपट्टीवर धडकून 583 माणसं गेली, तेव्हापासून 'टेकऑफ' हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारतात.

मूळ प्रश्नकर्ता

आभार! शिरकाव आणि अलीकडे दोन्ही घेतो. टॅक्सीवेचं काय, उपधावपट्टी?

प्रतिसाद

नको हो, त्यात धावपट्टी शब्द आला की ऐकणारा गोंधळणार. टॅक्सीवेच ठेवा, रेडिओवर ड्रायव्हरला तेच ऐकू येतं. सोबत पाट्यांचे रंग द्या: लाल पाटीवर पांढरे आकडे दिसले की पुढे धावपट्टी आहे, टॉवरला (विमानतळाच्या नियंत्रण कक्षाला) विचारल्याशिवाय चाक पुढे न्यायचं नाही. टॉवर नसेल तिथे कोणाला विचारायचं ते नाव नको, पद आणि रेडिओची फ्रिक्वेन्सी ठळक लिहा.