लाल अस्तराच्या बुटांतही कारागिरी असते

लाल अस्तर आणि नक्षीदार टोकाच्या बुटांना काही जण ‘निव्वळ दिखावा’ म्हणतात, ते मला मुळीच पटत नाही. बूट बनवण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या इंग्लंडमधल्या नॉर्दम्प्टन गावच्या जेफ्री-वेस्ट या बुटांच्या नाममुद्रेचे उदाहरण घ्या. मार्क जेफ्री आणि गाय वेस्ट यांनी १९८७ मध्ये सुरू केलेल्या या नाममुद्रेची ओळख म्हणजे लाल चामड्याचे अस्तर, खाच असलेली टाच आणि भडक बाज. पण बांधणी मात्र त्या गावाच्या जुन्या शिस्तीतलीच, गुडइयर वेल्ट पद्धतीची. या पद्धतीत वरचे चामडे, अस्तर आणि आतला तळ हे एका चामडी पट्टीला शिवतात, मधली पोकळी बहुधा बुचाच्या लगद्याने भरतात आणि मग बाहेरचा तळ त्या पट्टीला वेगळ्या शिवणीने जोडतात. त्यामुळे झिजलेला तळ उसवून नवा बसवता येतो आणि वरच्या चामड्याला धक्का लागत नाही.

शिवाय ज्या ब्रोग (चामड्यावर छिद्रांची नक्षी असलेल्या) बुटांना आज आपण सभ्य मानतो, तेही मुळात आयर्लंड-स्कॉटलंडमधले रांगडे पायताण होते, आणि शहरात तपकिरी बूट घालणे लंडनच्या बँका-पेढ्यांमध्ये एके काळी अशिष्ट समजले जाई; म्हणजे सभ्यतेच्या कल्पना बदलत जातात.

घेताना अस्तराच्या रंगापेक्षा शिवणीकडे बघावे, कारण स्वस्त बुटांत पट्टीवरचे टाके पुष्कळदा शोभेपुरते असतात आणि तळ नुसता चिकटवलेला असतो.