सोनटक्क्याचा जुना गड्डा फोडून पुन्हा लावण्याबाबत मदत हवी आहे

नमस्कार. पुण्यात आमच्या मागच्या अंगणात सोनटक्क्याचा एक गड्डा आठ वर्षांपासून आहे. तो माझ्या आजोळच्या विहिरीकाठचा असून, राजापूरजवळचे ते घर आता विकले गेल्यामुळे तिथून कंद पुन्हा आणणे शक्य नाही. म्हणूनच कुदळ लावण्याआधी जाणकारांना विचारत आहे.

पूर्वी श्रावणापासून दसऱ्यापर्यंत रोज ओंजळभर फुले मिळत असत. गेली दोन वर्षे मात्र फक्त कडेच्या दांड्या फुलतात आणि मधला भाग जवळपास उघडा पडला आहे. सोनटक्क्याची दांडी एकदाच फुलत असल्यामुळे फुलून गेलेल्या दांड्या मी दरवर्षी बुडाशी कापते आणि कुजलेले शेणखतही घालते. तेव्हा दोष खताचा नसून दाटीचा असावा, असे मला वाटते. गेल्या आठवड्यात एका बाजूची माती हाताने सारून पाहिली, तेव्हा आल्यासारखे कंद एकमेकांवर चढून पार मातीबाहेर आलेले दिसले. बाहेरच्या कंदांना टपोरे डोळे आहेत. मधल्या कंदांना डोळे दिसत नाहीत, पण दाबल्यावर ते घट्ट लागतात.

मुख्य प्रश्न वेळेचा आहे. आता मार्गशीर्षात गड्डा फोडला, तर थंडीमुळे कोंब फुटायला उशीर होईल आणि मुळे नीट धरण्याआधीच एप्रिल-मेचे कोरडे ऊन सोसावे लागेल. पावसाच्या तोंडावर फोडला, तर तोवर वर आलेले कोवळे कोंब खणताना मोडतील आणि त्या वर्षीची फुले जातील, अशी भीती वाटते. सगळाच गड्डा एकदम पणाला लागू नये म्हणून निम्मा आता आणि निम्मा मे महिन्याच्या अखेरीस काढावा का?

प्रत्येक तुकड्यावर दोन-तीन डोळे ठेवून, कापलेल्या भागाला राख लावून, एक दिवस सावलीत सुकवल्यावर तो चार-पाच सेंटीमीटर खोल आडवा लावण्याचा विचार आहे. नवी जागा पूर्वेकडच्या भिंतीलगत आहे. तिथे सकाळचे ऊन मिळते, दुपारी सावली असते आणि ओल टिकते. बिनडोळ्यांचे मधले कंद ओलसर वाळूत ठेवले तर कोंब धरतील का? ते टाकून द्यायला मन धजत नाही.

पुण्यासारख्या कोरड्या उन्हाळ्याच्या भागात ज्यांनी स्वतः सोनटक्का फोडून लावला आहे, त्यांनी कोणत्या महिन्यात फोडला, तुकडे केवढे ठेवले आणि पुन्हा फुले यायला किती काळ लागला, हे कृपया सविस्तर कळवावे.