ईमेलमधली टू-विथ-ऑनची शेपटं चुकतात, पुस्तक सुचवा (बजेट ५००)

अबोली_पुणे
ऑफिसात रोज वीसेक ईमेल इंग्रजीत लिहावे लागतात. काळ, वचन वगैरे ठीक आहे. चुकतं ते क्रियापदाचं शेपूट. ‘डिस्कस अबाउट’, ‘रिक्वेस्ट टू हिम’, ‘एम्फसाइझ ऑन’, ‘कोप अप विथ’ हे सगळं लाल होऊन परत येतं, का ते कुणी सांगत नाही. फ्रेजल व्हर्ब्जचं (‘टर्न ऑफ’सारख्या जोडक्रियापदांचं) पुस्तक घेऊ की कोलोकेशनचा (कोणत्या शब्दाबरोबर कोणता शब्द येतो त्याचा) कोश? बजेट ५०० रुपये. क्लास नको. रोज अर्धा तास देऊ शकते.

सडेतोड_नाना
ऑक्सफर्डचा कोलोकेशन कोश, २००९ची दुसरी आवृत्ती. डोळे झाकून घ्या. नाम काढायचं, खाली आधी विशेषणं, मग क्रियापदं, मग प्रीपोझिशन ओळीने मांडलेली. पाऊस ‘हेवी’, वारा ‘स्ट्राँग’, उलटं केलं की परकं वाटतं. आपण मुसळधार वारा आणि सोसाट्याचा पाऊस म्हणत नाही, तसंच. ५००मध्ये बसणार नाही, पण कोश एकदाच घेतला जातो.

मी_पण_आलो
नानांना +१. ऑक्सफर्डच घ्या.

चहाबाज
पुस्तकं कोण वाचतं आता? वर्षाची वर्गणी भरून एखादं व्याकरण तपासणारं ॲप घ्या. लाल रेघ आली की क्लिक, संपला विषय.

कोपऱ्यातला_दिवा
बजेट ५०० आहे, दोघांनीही वाचलेलं दिसत नाही. आणि लाल रेघ त्यांना फुकट मिळतेच आहे. कारण मिळत नाही, हीच तर तक्रार आहे.

अबोली, तुमची पहिली तीन उदाहरणं एकाच दुखण्याची आहेत. मराठीत आपण ‘चर्चा करणे’, ‘विनंती करणे’, ‘भर देणे’ म्हणतो, म्हणजे एक नाम आणि पुढे करणे-देणे. त्या नामाला काहीतरी चिकटतं: योजनेबद्दल चर्चा, दर्जावर भर. इंग्रजीतही नामाला चिकटतं: ‘अ डिस्कशन अबाउट द प्लॅन’, ‘एम्फसिस ऑन क्वालिटी’, ‘अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह’. पण तोच शब्द क्रियापद होऊन आला की प्रीपोझिशन गळतं: ‘डिस्कस द प्लॅन’, ‘एम्फसाइझ क्वालिटी’, ‘रिक्वेस्ट लीव्ह’. आपल्या डोक्यात नाम घोळत असतं आणि कागदावर क्रियापद उतरतं, त्यामुळे नामाचं शेपूट क्रियापदाला लागतं.

वहीचं पान मधोमध दुमडा. डावीकडे नाम, उजवीकडे क्रियापद. ‘डिमांड फॉर’ समोर नुसतं ‘डिमांड’. ‘लॅक ऑफ’ समोर ‘लॅक’. ‘अटॅक ऑन’, ‘इन्फ्लुअन्स ऑन’, ‘एंट्री इनटू’, ‘ॲन्सर टू’, ‘कॉन्टॅक्ट विथ’, ‘मॅरेज टू’ या सगळ्यांच्या समोर मोकळं क्रियापद. ‘ही मॅरीड हर’ म्हणायचं, ‘मॅरीड विथ हर’ नाही. ऑफिसच्या ईमेलला अशा वीसेक जोड्या पुरतात.

नियम सरसकट मात्र लावू नका. ‘डिपेंड ऑन’, ‘ऑब्जेक्ट टू’, ‘अपॉलजाइझ फॉर’ यांत क्रियापदालाही शेपूट आहे. अडकवणारी जोडी म्हणजे ‘ॲन्सर द मेल’ आणि ‘रिप्लाय टू द मेल’. अर्थ जवळपास तोच, पण एकाला ‘टू’ लागतं, दुसऱ्याला नाही. ही पाठच करावी लागते.

‘कोप अप विथ’चं दुखणं वेगळं. ‘कीप अप विथ’ आणि ‘कॅच अप विथ’ कानात बसलेत, त्यांच्या संगतीने ‘कोप’लाही ‘अप’ लागला. बरोबर ‘कोप विथ’.

खडूस_काका
एवढं पुराण कशाला? रेन अँड मार्टिनच्या व्याकरणाच्या पुस्तकात कोणत्या शब्दापुढे कोणतं प्रीपोझिशन याच्या याद्या आहेत. त्याआधी तर्खडकर. दोन पिढ्या त्यावर इंग्रजी शिकल्या.

फुलस्टॉप
आणि दोन पिढ्या ‘डिस्कस अबाउट’ लिहितायत, काका. याद्या चूक नाहीत. पण ‘ॲबाइड बाय’, ‘ॲकस्टम्ड टू’, ‘ॲडिक्टेड टू’ असं ओळीने पाठ केलं की चौथ्या दिवशी ‘बाय’ आणि ‘टू’ची गल्लत होते. शब्द सुटा पाठ करू नये, वाक्याच्या तुकड्यासकट करावा: ‘ॲबाइड बाय द रूल्स’. शिवाय यादीत ज्याला काहीच लागत नाही ते शब्द नसतातच, आणि यांची चूक नेमकी तिथेच आहे.

गोडबोल्या
५०० रुपये खिशात ठेवा. लाँगमनचा विद्यार्थ्यांसाठीचा कोश नेटवर फुकट आहे. ‘डिस्कस’ काढा, ‘अबाउट लावू नका’ असा इशारा तिथेच दिसेल. शब्दापुढे ‘ट्रान्झिटिव्ह’ (सकर्मक) लिहिलं असेल तर कर्म थेट येतं. अर्थ वाचून पान बंद करू नका, ठळक छापलेला साचा वाचा.

फ्रेजल व्हर्बमध्ये दोन टोकांचा बाण दिसला की मध्ये कर्म घालता येतं. ‘टर्न ऑफ द फॅन’ आणि ‘टर्न द फॅन ऑफ’ दोन्ही चालतात, पण सर्वनाम आलं की मध्येच: ‘टर्न इट ऑफ’. ‘टर्न ऑफ इट’ चालत नाही. बाण नसेल तर कर्म जिथे छापलंय तिथेच ठेवायचं. ‘लुक आफ्टर इट’, कधीच ‘लुक इट आफ्टर’ नाही. एवढं कळलं तर त्या विषयावरचं पुस्तक घ्यायची घाई नाही.

अवांतर: तुम्ही मराठीत ‘सुचवा’ लिहिलंत ते बरं. ‘सजेस्ट मी अ बुक’ लिहिलं असतं तर तेही लाल झालं असतं. आपला ‘ला’ सगळीकडे एकच: मला सांग, मला समजाव, मला सुचव. तिकडे ‘टेल मी’, पण ‘एक्सप्लेन इट टू मी’ आणि ‘सजेस्ट अ बुक टू मी’.

चहाबाज
‘गिव्ह द एक्झाम’ पण चूक का मग? सगळा भारत परीक्षा देतो.

खडूस_काका
चूकच. विद्यार्थी ‘टेक’ करतो, ‘गिव्ह’ मास्तर करतो.

सडेतोड_नाना
भारतीय इंग्रजीत चालतं. ‘प्रीपोन’लाही लोक हसायचे, आता ते शब्दकोशात आहे.

खडूस_काका
शब्दकोशात शिव्याही आहेत.

कोपऱ्यातला_दिवा
ईमेल कुणाला जातोय ते बघा. पुण्यातल्या पुण्यात कुणी अडणार नाही. बाहेरचा माणूस ‘शी गेव्ह द एक्झाम’ वाचून तिने परीक्षा घेतली असं समजेल. नुसतं कानाला खटकणं वेगळं, इथे अर्थच फिरतो. उलट ‘फिल इन’ की ‘फिल आउट द फॉर्म’, ‘ॲट द वीकेंड’ की ‘ऑन द वीकेंड’ यावर भांडू नका. जोडीतला पहिला प्रयोग ब्रिटनकडचा, दुसरा अमेरिकेतला.

फुलस्टॉप
शंका आली की गूगलच्या एनग्राम व्ह्यूअरमध्ये टाका. दोन पर्याय स्वल्पविरामाने वेगळे लिहायचे, छापील पुस्तकांतला वापर आलेखात दिसतो. ‘मॅरीड’ लिहून जागा सोडून ताऱ्याचं चिन्ह टाकलंत तर पुढे येणारे पहिले दहा शब्द मिळतात. ब्रिटिश आणि अमेरिकन वेगळं निवडता येतं. एक खड्डा आहे. ‘डिस्कस अबाउट’ टाकलं तरी थोडी रेघ उमटते, कारण ‘डिस्कस अबाउट टेन केसेस’मध्ये ‘अबाउट’ म्हणजे सुमारे. अशा वेळी मागचा-पुढचा शब्द घालून परत शोधा. साध्या गूगल शोधातल्या ‘इतके लाख निकाल’वर जाऊ नका, त्या आकड्याला काही अर्थ नसतो.

मी_पण_आलो
लाँगमनचा कोश नेटवर फुकट आहे, तो बघा.

गोडबोल्या
हेच वर लिहिलंय हो.

सडेतोड_नाना
फुकटचं कुणी उघडत नाही. ऑक्सफर्ड.

कोपऱ्यातला_दिवा
नाना, तुमच्या कोशात ‘डिस्कस’खाली ‘विथ’ मिळेल. ‘अबाउट’ चूक आहे हे त्यात लिहिलेलं नसतं, नुसतं गैरहजर असतं. ज्याला मुळात शंकाच येत नाही तो काय शोधणार? पाऊस-वारा, विशेषण-नाम यांसाठी तो उत्तम. या चार चुकांसाठी नाही.

अबोली_पुणे
सगळ्यांचे आभार. नाम-क्रियापदाचं कळलं, ‘आस्क टू हिम’ पण सापडलं माझ्याच मेलमध्ये. पण मोबाइल बघत बसले की अभ्यास होत नाही, म्हणून काल अप्पा बळवंत चौकातून ‘हजार फ्रेजल व्हर्ब्ज’ छापाचं जाडजूड पुस्तक आणलं. १८० रुपये. बसमध्ये वाचता येईल.

सडेतोड_नाना
_/\_

गोडबोल्या
एवढं सांगून! बरं, दोन गोष्टी तपासा. प्रत्येक नोंदीत कर्म कुठे येतं ते दाखवलंय का? आणि सूचीत ‘कोप’ बघा. ‘कोप अप’ छापलं असेल तर परत करून या.

अबोली_पुणे
कर्म कुठेच दाखवलेलं नाही. ‘कोप अप’ आहे. पान ४३. ‘कॅच अप’च्या बरोब्बर खाली.